अणुऊर्जेची जोखीम आणि भरपाईचा हक्क

(पंचायत राज संस्थांचे सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यापुढे चंद्रपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अणुवीज केंद्र नाही. महाराष्ट्रातील एकमेव अणुवीज केंद्र तारापूरला, पालघर जिल्ह्यात समुद्रकाठी आहे. त्याचे पहिले दोन संच 1969 साली सुरू झाले आणि प्रत्येकी 540 मेगावॅटचे आणखी दोन 2005 व 2006 साली त्यांना येऊन मिळाले. मग धान, तेंदू, कोळसा आणि वाघ यांच्या या मुलखात अणुऊर्जेच्या विम्याची आणि कायदेशीर दायित्वाची चर्चा कशासाठी?

याचे पहिले उत्तर आपल्या शेतकऱ्याच्या पीक विम्यातच आहे. 2016 पासून देशात लागू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत, कोणत्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही याची एक यादी आहे. तीत युद्धाच्या शेजारीच अणुजोखमीचा उल्लेख आहे. आपल्या मोटारसायकलीचे किंवा दुकानाच्या आगीचे विमापत्र काढून पाहा. किरणोत्सर्गामुळे झालेले नुकसान त्यातही वगळलेले आढळेल. घातक रसायनांच्या अपघातग्रस्तांना तातडीने मदत मिळावी म्हणून 1991 साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. त्या कायद्यातील अपघाताच्या व्याख्येतूनही केवळ किरणोत्सर्गामुळे घडलेला अपघात बाहेर ठेवला आहे.

म्हणजे सामान्य नागरिक ज्या दारांवर भरपाईसाठी जातो, ती सारी दारे या एका जोखमीपुरती बंद आहेत. तिच्यासाठी कायद्याने एक स्वतंत्र दार ठेवले आहे. ते दार कोणते, ते किती रुंद आहे, किती काळ उघडे राहते आणि त्यातून आत जायला हाती काय असावे लागते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

दोष न विचारता भरपाई

या कायद्याचे मूलतत्त्व आपल्या भागातील लोकांना समजावून सांगणे मुळीच कठीण नाही, कारण ते आपण रोज अनुभवतो. ताडोबा-अंधारीच्या परिसरात किंवा ब्रह्मपुरी, आरमोरीकडील जंगलात सरपणाला अथवा मोहफुलांना गेलेला माणूस वाघाच्या हल्ल्यात दगावला, तर त्याच्या वारसांना वाघाचा किंवा वनखात्याचा दोष सिद्ध करावा लागत नाही. हल्ला वन्यप्राण्याने केला हे पंचनाम्यावरून ठरले की राज्य शासन अर्थसाहाय्य देते. ही रक्कम 2023 साली 25 लाख रुपये करण्यात आली. काही भाग तत्काळ हाती पडतो आणि उरलेला वारसांच्या नावे मुदत ठेवीत राहतो. समाजाने वन्यजीव राखायचे ठरविले आहे. तेव्हा त्या निर्णयाचा भार एकट्या गरीब कुटुंबावर पडू नये, असा त्यामागील न्याय आहे.

अणुऊर्जेच्या कायद्यात हाच न्याय आहे. देशाला वीज हवी म्हणून अणुभट्टी उभी राहते. तिच्यात अपघात झालाच तर झडप कोणाच्या चुकीने उघडी राहिली, नळी कोणत्या कारखान्याची होती, हे शेजारच्या गावातील शेतकऱ्याने कसे सिद्ध करावे? म्हणून कायदा सांगतो की दोष असो वा नसो, भरपाईची जबाबदारी केंद्र चालविणाऱ्या संस्थेची. यालाच दोषनिरपेक्ष दायित्व म्हणतात. अमेरिकेने 1957 साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. पुढे 1960 साली पॅरिस येथे आणि 1963 साली व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय करार झाले.

मात्र या तत्त्वाबरोबर आणखी दोन गोष्टी आल्या. त्या वाघाच्या भरपाईत नाहीत. एक म्हणजे एकूण रकमेला घातलेली मर्यादा आणि दुसरी म्हणजे दावा करण्याची मुदत. मर्यादा नसेल तर कोणतीही विमा कंपनी ही जोखीम पत्करणार नाही आणि विम्यावाचून कोणी केंद्र उभारणार नाही, असे त्याचे समर्थन करण्यात आले. समर्थन व्यवहाराला धरून आहे. परंतु मर्यादेच्या पलीकडचे नुकसान नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी अंगावर पडतेच.

भोपाळपासून 2010 पर्यंत

आपल्या देशात या विषयाला तोंड फुटले ते अणुभट्टीमुळे नव्हे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळला विषारी वायूची गळती झाली. 1989 साली 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. दहा लाखांहून अधिक दावे नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे पावणेसहा लाख मान्य झाले. जे अमान्य झाले त्यांत अनेकांजवळ दवाखान्याचा कागद नव्हता. या प्रकरणात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने, पुढे आजार उद्भवू शकेल अशा सुमारे एक लाख लोकांसाठी वैद्यकीय विमा उतरविण्याचे निर्देश शासनाला दिले होते. तो विमा उतरविलाच गेला नाही, अशी खेदपूर्ण नोंद त्याच न्यायालयाने 14 मार्च 2023 च्या निकालात केली. हक्क आदेशात लिहिला गेला तरी तो आपोआप माणसापर्यंत पोहोचत नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने 1986 साली, धोकादायक उद्योग चालविणाऱ्याचे दायित्व निरपवाद असते आणि भरपाई त्या उद्योगाच्या आर्थिक ताकदीच्या प्रमाणात असावी, असा सिद्धांत मांडला. ही सर्व पार्श्वभूमी संसदेपुढे असतानाच 2010 साली अणुहानी नागरी दायित्व कायदा संमत झाला आणि 11 नोव्हेंबर 2011 पासून तो अमलात आला.

या कायद्याची चौकट थोडक्यात अशी होती. मोठ्या अणुभट्टीच्या चालकाचे दायित्व 1,500 कोटी रुपयांपर्यंत. तेवढ्या रकमेचा विमा अथवा आर्थिक हमी चालकाने ठेवायची. त्यापुढील नुकसान आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबातील 30 कोटी विशेष आहरण हक्कांच्या मर्यादेपर्यंत केंद्र शासनाने सोसायचे. अपघात असाधारण नैसर्गिक आपत्तीमुळे, युद्धामुळे किंवा दहशतवादी कृत्यामुळे घडला, तर दायित्व चालकाकडून केंद्र शासनाकडे जायचे. अणुऊर्जा नियामक मंडळाने घटना पंधरा दिवसांत अधिसूचित करायची आणि दाव्यांचा निवाडा दिवाणी न्यायालयाऐवजी दावा आयुक्ताने करायचा. सदोष यंत्रसामग्री देणाऱ्या पुरवठादाराकडून चालकाला पैसे वसूल करता येतील, असेही एक कलम होते. ते बहुधा अन्य कोणत्याही देशाच्या कायद्यात इतक्या स्पष्टपणे नव्हते.

एवढी जोखीम एका विमा कंपनीला पेलणारी नव्हती. म्हणून जून 2015 मध्ये भारतीय साधारण विमा निगमाच्या व्यवस्थापनाखाली अनेक विमा कंपन्यांनी एकत्र येऊन 1,500 कोटी रुपयांच्या क्षमतेचा भारतीय अणुविमा संघ स्थापन केला. गावात एखाद्याच्या घरी मोठा खर्च निघाला की भाऊबंद वर्गणी करून भार उचलतात. विमा संघाचे तत्त्व याहून वेगळे नाही.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ‘शांती’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा नवा कायदा संमत केला. 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा दायित्व कायदा हे दोन्ही रद्द करून त्यांची जागा या एका कायद्याने घ्यावी, अशी त्याची योजना आहे. त्यान्वये खाजगी कंपन्यांनाही अणुवीज निर्मितीत प्रवेश खुला होतो. चालकाच्या दायित्वाची मर्यादा भट्टीच्या क्षमतेनुसार 100 कोटींपासून 3,000 कोटी रुपयांपर्यंत टप्प्याटप्प्याने ठरविली आहे. सदोष मालाबद्दल पुरवठादाराकडून वसुली करण्याचे ते जुने कलम वगळण्यात आले आहे. चालकावर दोषनिरपेक्ष दायित्व, त्याला मर्यादा आणि त्यापुढे केंद्र शासन, हा मूळ साचा मात्र कायम राहिला आहे.

मर्यादा किती मोठी?

कोटींचे आकडे ऐकून माणूस दिपून जातो. म्हणून आपण आपलेच माप लावून पाहू. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी आपले राज्य 25 लाख रुपये देते. त्या दराने 1,500 कोटी रुपये सहा हजार मृत्यूंसाठी पुरतात आणि 3,000 कोटी बारा हजारांसाठी. यात जमीन, घरे, गुरे, बुडालेली मजुरी किंवा वर्षानुवर्षांचा औषधोपचार यांतले काहीच धरलेले नाही. इतके मृत्यू होतील असे भाकीत मी करीत नाही. भारतातील अणुवीज केंद्रांतून मोठ्या प्रमाणावर किरणोत्सर्ग बाहेर पडल्याची घटना आजवर घडलेली नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रक्कम किती मोठी आहे हे कळावे, एवढाच या हिशेबाचा हेतू.

परदेशातील दोन अनुभव बोलके आहेत. अमेरिकेत थ्री माईल आयलंड येथे 28 मार्च 1979 रोजी अपघात झाला. गरोदर स्त्रिया व लहान मुले असलेल्या कुटुंबांना घर सोडण्याचा सल्ला दिला गेला, तेव्हा विमा संघाने काही दिवसांतच कचेरी उघडून त्यांना राहण्या-जेवण्याचा खर्च रोख दिला. पुढे दावे व खटले मिळून सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलर खर्च झाले. अपघात आटोक्यात राहिला आणि विम्याने आपले काम केले.

जपानमध्ये 11 मार्च 2011 रोजी भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमाचे संकट ओढवले. तेथील 1961 च्या कायद्याने चालकाचे दायित्व अमर्याद ठेवले आहे. परंतु त्यासाठी आधीपासून बाजूला ठेवलेली तरतूद 12 हजार कोटी येनची होती. प्रत्यक्षात दिली गेलेली भरपाई 10 लाख कोटी येनच्याही पुढे गेली, म्हणजे तरतुदीच्या ऐंशी पटींहून अधिक. शासनाने मागे उभे राहून पैसा पुरविला म्हणूनच ती दिली गेली. यावरून दिसते की छोट्या अपघातात विमा आधार देतो, पण मोठ्या अपघातात अखेरचा विमेदार शासन, म्हणजेच करदाता असतो.

मुदत आणि जंगल

आता मुदतीकडे वळू. 2010 च्या कायद्यानुसार मालमत्तेच्या नुकसानीचा दावा घटनेपासून दहा वर्षांत आणि शारीरिक इजेचा वीस वर्षांत करावा लागत असे. शिवाय नुकसान कळल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज व्हावा लागे. ही मुदत पुरेशी आहे का, हा प्रश्न जंगलात राहणाऱ्यांनी विशेष विचारात घ्यावा.

26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिल येथे अपघात झाला. तेथून दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर, ब्रिटनमधील वेल्सच्या डोंगराळ कुरणांवर पावसाबरोबर सीझियम उतरले. तेथील काही मेंढपाळांच्या मेंढ्यांच्या विक्रीवर घातलेली बंधने उठली ती 2012 साली, म्हणजे 26 वर्षांनंतर. नांगरलेल्या शेतापेक्षा रान आणि कुरण किरणोत्सर्गी द्रव्य अधिक काळ धरून ठेवते. पालापाचोळा कुजतो आणि तेच द्रव्य पुन्हा मुळांवाटे वर चढते. युरोपात रानातील भूछत्रे व बोरांसारखी फळे आणि जपानात रानडुकरांचे मांस यांत ते अनेक वर्षे आढळत राहिले.

गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. येथील माणूस सातबाऱ्यावरील धानाच्या बांधीवर जेवढा जगतो, तेवढाच सातबाऱ्यावर नसलेल्या जंगलावर जगतो. तेंदूपत्ता, मोहफुले, चारोळी, डिंक, हिरडा, बांबू आणि पावसाळ्यातील रानभाज्या हे त्याचे उत्पन्न आणि अन्न दोन्ही आहे. ते हातचे गेले, तर त्याला भरपाई मागता येईल का?

या बाबतीत 2010 च्या कायद्यातील एक तरतूद फारशी कोणाच्या लक्षात आलेली नाही. अणुहानीच्या व्याख्येत जीवित आणि मालमत्ता यांच्याबरोबरच, पर्यावरणाची लक्षणीय हानी झाल्यामुळे त्याच्या उपयोगातून मिळणारे उत्पन्न बुडाले तर तेही धरलेले होते. म्हणजे जमिनीची मालकी नसलेली, पण दर उन्हाळ्यात मोह वेचणारी बाई तत्त्वतः दावेदार ठरते. परंतु तिचे उत्पन्न किती होते, हे दावा आयुक्तापुढे कोण आणि कशाच्या आधारे सांगणार?

नोंदवही हाच पुरावा

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यांत आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून तेथील ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली. चंद्रपूर जिल्ह्यात पाचगावने तीच वाट धरली. अशा ग्रामसभांच्या दप्तरात किती बांबू तोडला, तेंदूपत्त्याचे किती पुडे झाले, कोणाला किती मजुरी दिली, याच्या नोंदी असतात. रोजच्या हिशेबासाठी ठेवलेल्या त्या वह्या संकटकाळी जंगलावरील उपजीविकेचा पुरावा ठरू शकतात, मग संकट अणूचे असो, खाणीच्या गाळाचे असो, औष्णिक केंद्राच्या राखेचे असो वा पुराचे. 2,920 मेगावॅटच्या औष्णिक केंद्राशेजारी राहणाऱ्या चंद्रपूरकरांना हे वेगळे सांगायला नको.

ज्या गावाच्या नोंदी कोऱ्या, त्या गावाचे नुकसान कागदावर शून्य ठरते. भोपाळच्या अमान्य दाव्यांचा हाच धडा आहे.

जवळची जोखीम

शेवटी एका अशा जोखमीविषयी सांगतो, जी अणुभट्टीपेक्षा आपल्याला कितीतरी जवळची आहे. कोळसा, सिमेंट व कागद या उद्योगांत वस्तूची पातळी, घनता किंवा जाडी मोजण्यासाठी बंदिस्त किरणोत्सर्गी स्रोत असलेली उपकरणे वापरण्याची पद्धत जगभर आहे. चंद्रपूर जिल्ह्याचे उद्योग प्रामुख्याने हेच आहेत. नियमाप्रमाणे वापर असेपर्यंत ही उपकरणे सुरक्षित असतात. धोका उद्भवतो तो जुने यंत्र नोंद न घेता भंगारात गेले की.

2010 च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असेच घडले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या एका जुन्या उपकरणात कोबाल्ट-60 होते. ते फोडले गेले. अनेक जण गंभीर आजारी पडले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. औद्योगिक, वैद्यकीय किंवा शास्त्रीय वापरासाठी तयार झालेली अशी समस्थानिके 2010 च्या दायित्व कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली होती. म्हणजे अणुभट्टीशेजारच्या गावासाठी ठेवलेले ते खास दारही भंगारवेचकासाठी नव्हते. त्याच्या वाट्याला नेहमीची न्यायालयीन वाट येते आणि त्या वाटेवर दोष कोणाचा हे त्यालाच दाखवावे लागते. दायित्वाच्या कायद्यातील ही फट धोरण ठरविणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. ती बुजेपर्यंत सावधगिरी हाच आपला विमा.

म्हणून माझी आपणा सर्वांना काही विनंती आहे. शिक्षकांनी पिवळ्या पार्श्वभूमीवरील तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह प्रत्येक विद्यार्थ्याला ओळखता येईल असे करावे. असे चिन्ह असलेली जड धातूची पेटी कोठेही सापडली तर तिला हात लावू नये, लोकांना दूर ठेवावे आणि पोलीस ठाण्याला व जिल्हाधिकारी कार्यालयाला तत्काळ कळवावे. पुढे मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाशी संपर्क साधणे हे प्रशासनाचे काम आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील भंगार व्यापाऱ्यांना ही माहिती द्यावी.

ग्रामसभांनी वनोपजाच्या वार्षिक नोंदी कुटुंबवार ठेवाव्यात आणि त्यांची एक प्रत गावाबाहेर सुरक्षित ठेवावी. वैयक्तिक वनहक्काचे पट्टे, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि आरोग्य केंद्रातील नोंदी पूर्ण असतील याकडे लक्ष द्यावे. अधिकारी मित्रांनी पंचनाम्याच्या नमुन्यात जमीन आणि घर यांबरोबर जंगलातून मिळणाऱ्या उत्पन्नालाही रकाना असावा, असा आग्रह धरावा. नव्या कायद्याखालील नियम येतील तेव्हा, मालकी नसलेल्या पण जंगलावर जगणाऱ्या माणसाचा दावा कसा नोंदला जाणार, हा प्रश्न याच जिल्ह्यांतून विचारला गेला पाहिजे.

देशाला वीज हवी आहे आणि ती निर्माण करताना काही जोखीम पत्करावी लागणार, हे समजण्याइतकी आपली जनता सुज्ञ आहे. तिची अपेक्षा एवढीच असते की लाभ सर्वांचा असेल तर हानीचा भारही सर्वांनी मिळून उचलावा. कायद्याने ते तत्त्व मान्य केले आहे. ते तत्त्व शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या, शिक्षकाच्या आणि पंचायत सदस्याच्या हातून व्हायचे आहे.